टूसॉनमधले बंद केलेले वर्ग : एक प्रकरण अभ्यास

१० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या शाळा मंडळानं एक ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. शहरातल्या सरकारी हायस्कुलांत चालणारे ‘मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास’ हे वर्ग त्याच क्षणापासून स्थगित झाले. शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर आलं होतं. मुलांनी या वर्गांत नावं घातलेली होती, निबंध अर्धे लिहून झाले होते. विरोधाचं एकमेव मत अदेलिता ग्रिहाल्वा यांचं होतं. बाकीच्या चौघांपैकी सगळ्यांनाच हे वर्ग नकोसे होते असं नाही. पण ते चालू ठेवले असते तर राज्य सरकार डिस्ट्रिक्टच्या (शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) अनुदानातला दहा टक्के वाटा, म्हणजे वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर, कापणार होतं.

कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) समाजांचा इतिहास व साहित्य शाळेत शिकवावं का, हा वाद अमेरिकेत आज राज्याराज्यांत चालू आहे. या वादाचं सगळं अंतरंग एकाच जागी पाहायचं असेल तर टूसॉनकडे पाहावं, असं माझं मत आहे. इथे अभ्यासक्रम होता, त्याचे निकाल होते, त्याच्याविरुद्ध केलेला कायदा होता, सरकारनंच नेमलेली तपासणी होती आणि शेवटी न्यायालयाचा निवाडाही होता. इतकं सगळं एका प्रकरणात सहसा सापडत नाही. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हे प्रकरण वाचताना एकच प्रश्न मनात धरला : निर्णय घेणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष वर्गात जाऊन कोण बसलं होतं?

शहर आणि त्याची जुनी देणी

टूसॉन हे मेक्सिकोच्या सीमेपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं वाळवंटी शहर. तोहोनो ओओधाम या मूळ रहिवाशांच्या भूमीवर १७७५ मध्ये स्पॅनिश सैन्यानं ठाणं उभारलं, तिथून शहर वाढलं. १८२१ नंतर ते मेक्सिकोत होतं. १८५३ च्या गॅड्सडेन कराराखाली अमेरिकेनं हा पट्टा मेक्सिकोकडून विकत घेतला. तिथली काही घराणी जागची हललीसुद्धा नाहीत आणि तरी त्यांचा देश बदलला. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं,’ असं तिथले मेक्सिकन-अमेरिकन म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

शाळेनं मात्र त्यांना परक्यासारखंच वागवलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आणि नंतरही, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना पहिलीत थेट प्रवेश मिळत नसे. आधी ‘वन सी’ नावाच्या वेगळ्या वर्गात इंग्रजी शिकायचं आणि मग पहिली. म्हणजे शाळेच्या पहिल्याच पायरीवर मूल एक वर्ष मागे. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललं म्हणून मार खाल्ल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी सांगितल्या आहेत. १९६६ मध्ये टूसॉनच्याच शिक्षकांनी राष्ट्रीय शिक्षक संघटनेसाठी एक पाहणी केली आणि या मुलांना ‘अदृश्य अल्पसंख्य’ म्हटलं. दोन वर्षांनी झालेल्या द्विभाषिक शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यामागे त्या पाहणीचा हातभार होता. १९६९ मध्ये हायस्कूलची मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. त्यांच्या मागण्यांत आपला इतिहास शिकवावा ही एक होती.

१९७४ मध्ये दोन खटले दाखल झाले, एक कृष्णवर्णीय कुटुंबांचा आणि एक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांचा. डिस्ट्रिक्ट मुलांना वंशानुसार वेगवेगळ्या शाळांत ठेवतं, ही तक्रार. दोन्ही खटले एकत्र चालले आणि १९७८ पासून डिस्ट्रिक्ट केंद्रीय न्यायालयाच्या देखरेखीखाली आलं. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे पस्तीस वर्षांनी तोच कामाला आला. आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा विभाग डिस्ट्रिक्टमध्ये आधीपासून होता. मेक्सिकन-अमेरिकन पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी १९९० च्या दशकात तसाच विभाग मागितला आणि तो १९९८ मध्ये सुरू झाला.

वर्गात काय चालायचं

हे वर्ग शाळा सुटल्यावरचे छंदवर्ग नव्हते. हायस्कूलच्या वरच्या इयत्तांत अमेरिकेचा इतिहास, नागरिकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य हे विषय सगळ्यांना घ्यावेच लागतात. ते विषय मेक्सिकन-अमेरिकन दृष्टीनं शिकवणाऱ्या तुकड्या डिस्ट्रिक्टनं काढल्या आणि त्यांचं क्रेडिट हायस्कूल पूर्ण करण्यासाठी धरलं. नाव कुणीही घालावं, पण येणारी बहुतेक मुलं लॅटिनो होती. डिस्ट्रिक्टमधले साधारण साठ टक्के विद्यार्थी लॅटिनोच होते.

वर्गाची सुरुवात पुष्कळदा एका कवितेनं व्हायची. ‘इन लाकेच’ या माया शब्दांभोवती गुंफलेली ती कविता. अर्थ असा की तू म्हणजे दुसरा मी, तुला दुखावलं तर मीच दुखावतो. शेतमजुरांच्या चळवळीतून आलेली, हळूहळू वेग घेणारी टाळी वाजवायची. मग वाचन, वाद, निबंध. आपल्या वस्तीतला एखादा प्रश्न निवडून त्याचा शोध घ्यायचा आणि तो मोठ्यांसमोर मांडायचा, हाही कामाचा भाग. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या विचारांचा प्रभाव उघड होता आणि शिक्षक तो लपवत नव्हते.

ज्यांनी महाराष्ट्रात शाळा केली त्यांना चौथीचं इतिहासाचं पुस्तक आठवत असेल. शिवनेरी, राजगड, पुरंदर ही नावं छापील पानावर पाहताना नऊ वर्षांच्या पोराला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. आपण जिथे सहलीला जातो, आपला मामा जिथे राहतो, ते गाव पुस्तकात आहे! टूसॉनच्या सतरा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा या वर्गात भेटलं. आणि आपल्याकडेही त्याच पुस्तकात स्वतःचं गाव, स्वतःचे पूर्वज कधीच न सापडलेली मुलं शेजारच्या बाकावर होतीच.

वर्गांवर आक्षेप होते आणि ते सगळे बाहेरच्यांचे नव्हते. डिस्ट्रिक्टमधल्याच एका माजी शिक्षकानं लिहिलं होतं की इथे इतिहास फक्त जुलूम करणारे आणि जुलूम सोसणारे एवढ्या दोनच रंगांत दाखवला जातो. आक्षेप गंभीर आहे. कुठल्याही समाजाचा इतिहास शिकवताना ही घसरण होऊ शकते. पण अशा दोषावर उपाय असतात. धडे तपासावेत, दुसऱ्या बाजूचं वाचन घालावं, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं. टूसॉनमध्ये यातलं काही करून पाहण्याआधीच सरकारनं कायदा आणला.

एक वाक्य आणि चार वर्षं

एप्रिल २००६. विनापरवाना स्थलांतरितांविरुद्धच्या प्रस्तावित केंद्रीय कायद्यावरून देशभर मोर्चे निघत होते. सेझार चावेझ यांच्यासोबत शेतमजूर संघटना उभारणाऱ्या डोलोरेस वेर्टा टूसॉन हायस्कूलमध्ये बोलायला आल्या आणि भाषणात म्हणाल्या की रिपब्लिकन लॅटिनोंचा द्वेष करतात. राज्याचे शिक्षण अधीक्षक टॉम हॉर्न हे निवडून आलेले रिपब्लिकन नेते. त्यांनी उत्तरादाखल आपल्या उपाधीक्षक, ज्या स्वतः लॅटिना आणि रिपब्लिकन होत्या, त्यांना त्याच शाळेत भाषणाला पाठवलं. मुलांना प्रश्न विचारायची परवानगी नव्हती. काही मुलांनी तोंडावर पट्ट्या चिकटवल्या, पाठ फिरवली, मुठी उंचावल्या आणि सभागृहातून निघून गेली.

हॉर्न यांना हा उद्धटपणा या वर्गांनीच शिकवला असं वाटलं. २००७ मध्ये त्यांनी टूसॉनच्या नागरिकांना खुलं पत्र लिहून हा विभाग बंद करायला सांगितलं. त्या पत्रात त्यांनी एक आठवण लिहिली आहे : तरुणपणी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते स्वतः सामील होते आणि माणसाला त्याच्या कातडीवरून नव्हे तर चारित्र्यावरून जोखावं हा मार्टिन ल्यूथर किंग यांचा विचार त्यांनी तिथे ऐकला. मुलांना वंशाच्या गटांत विभागणं त्या विचाराविरुद्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो अनेकांना मनापासून पटतो, म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही. पण हॉर्न या वर्गांत एकदाही जाऊन बसले नव्हते. तोंडावर पट्टी लावणाऱ्या मुलांना प्रश्न का विचारू दिले नाहीत, याचाही विचार त्या पत्रात नाही.

२००८ आणि २००९ चे प्रयत्न फसले. २०१० मध्ये वारं फिरलं. कागदपत्रांच्या संशयावरून माणसाला अडवण्याचे अधिकार पोलिसांना देणारा प्रसिद्ध कायदा गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी २३ एप्रिलला सही करून मंजूर केला आणि अठरा दिवसांनी, ११ मे रोजी, एचबी २२८१ वर सही केली. या दुसऱ्या कायद्यानं शाळेत चार प्रकारचे वर्ग बंद केले : अमेरिकी सरकार उलथवायला चिथावणारे, एखाद्या वंशाविषयी किंवा समाजवर्गाविषयी रोष पसरवणारे, मुख्यतः एकाच वांशिक गटासाठी आखलेले आणि विद्यार्थ्याला व्यक्ती न मानता वांशिक एकजूट शिकवणारे. मजकुरात मेक्सिकन हा शब्द कुठेही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, यात वावगं काय? सरकार उलथवायला शाळेत कोण शिकवतं?

पुढे न्यायालयात हाच प्रश्न निर्णायक ठरला.

तपासणी झाली, निष्कर्ष नाकारला

हॉर्न यांनी पद सोडता सोडता, कायदा अंमलात येण्याच्या आदल्या दिवशी, टूसॉननं कायदा मोडल्याचं लिहून ठेवलं. त्यातही फक्त मेक्सिकन-अमेरिकन विभागाविषयी. आफ्रिकन-अमेरिकन, आशियाई किंवा मूळ रहिवाशांविषयीच्या विभागांना हात लावला नाही. त्यांच्यानंतर जॉन हपेंथॉल अधीक्षक झाले. राज्य सिनेटर असताना ते एकदा एका वर्गात बसून आले होते, भिंतीवरचं क्रांतिकारक चे गव्हेराचं चित्र त्यांना खुपलं होतं. अधीक्षक झाल्यावर त्यांनी केंबियम लर्निंग या कंपनीला तपासणीचं काम दिलं.

तपासनीस वर्गांत जाऊन बसले. शिक्षकांशी, मुलांशी, पालकांशी बोलले. मे २०११ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की कायदा मोडल्याचा पुरावा वर्गांत दिसला नाही, या मुलांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण चांगलं आहे आणि हे वर्ग मुख्य विषय म्हणून चालू ठेवावेत. त्रुटीही नोंदवल्या. अभ्यासक्रम नीट लिहून, मंजूर करून ठेवलेला नव्हता आणि त्यावर वरची देखरेख सैल होती. अहवाल वाचून वाटतं, एखादा सुबुद्ध अधिकारी यावर सहा महिन्यांचा सुधारणा-कार्यक्रम आखून मोकळा झाला असता. हपेंथॉल यांनी तपासनीसांना खरे वर्ग दिसलेच नाहीत असं म्हणून जूनमध्ये कायदाभंग जाहीर केला.

त्याआधी, एप्रिलमध्ये, स्थानिक मंडळापुढे एक तडजोड आली होती : इतिहासाचा वर्ग मुख्य विषय न ठेवता ऐच्छिक करायचा. वरवर निरुपद्रवी. पण ऐच्छिक झालं की अर्थ असा होतो की अमेरिकेचा खरा इतिहास वेगळा आणि तुमचा म्हणजे वरची चटणी. शिवाय वेळापत्रकात जागा नसलेली, आधीच एखाद्या विषयात मागे पडलेली मुलं ऐच्छिक विषय घेऊच शकत नाहीत. नेमकी याच मुलांना त्याची गरज होती. २६ एप्रिलला सभा सुरू होण्याआधी नऊ विद्यार्थी मंडळाच्या व्यासपीठावर चढले आणि त्यांनी सदस्यांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. सभा झाली नाही. पुढच्या सभेला पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता.

वर्षअखेर प्रशासकीय न्यायाधीशांनी हपेंथॉल यांच्या बाजूनं मत दिलं, जानेवारीत दहा टक्के अनुदान कापण्याचा आदेश आला आणि मंडळानं वर्ग थांबवले. पाठोपाठ सात पुस्तकं वर्गांतून उचलली. त्यांत रोडोल्फो आकुन्या यांचा चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, इतिहासावरचा मान्यवर ग्रंथ आणि फ्रेरी यांचं पुस्तक होतं. काही ठिकाणी मुलांच्या डोळ्यांदेखत ती खोक्यांत भरली गेली. बंदी नाही, ग्रंथालयात प्रती आहेत, असा डिस्ट्रिक्टचा खुलासा. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही असेल. पण ज्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा एखादं पाठ्यपुस्तक आवडीनं वाचलं, त्याच्या हातातून ते काढून खोक्यात टाकताना त्याला हा फरक कसा समजवायचा?

त्या मार्चमध्ये ह्यूस्टनहून लेखक आणि वाचकांचा एक जथ्था ही पुस्तकं बसमध्ये भरून टूसॉनला आला. स्वतःला त्यांनी ‘लिब्रोत्राफिकान्ते’, म्हणजे पुस्तकांचे तस्कर, असं नाव घेतलं होतं.

गुण काय सांगतात

ॲरिझोना विद्यापीठाचे नोलन काब्रेरा आणि सहकाऱ्यांनी डिस्ट्रिक्टच्याच नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे वर्ग घेणारी मुलं आधी अभ्यासात सरासरीपेक्षा मागेच होती. तरीही वर्ग घेतल्यानंतर राज्याची प्रमाणित परीक्षा पास होण्याची आणि हायस्कूल पूर्ण करण्याची त्यांची शक्यता तशाच इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. आधीचे गुण, घरची आर्थिक स्थिती वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही. अर्थात ज्यानं स्वतःहून वर्ग निवडला त्याची ओढ आधीच जास्त असेल, ही शंका अशा अभ्यासात पूर्ण फिटत नाही.

ती शंका थोडी कमी करणारा अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोत झाला. तिथे काही शाळांत आठवीपर्यंतचे गुण ठरावीक रेषेखाली असलेल्या मुलांना नववीत वांशिक अभ्यासाच्या वर्गात आपोआप घातलं जाई. त्यामुळे रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची मुलं ताडून पाहता आली. स्टॅनफर्डच्या संशोधकांना खालच्या मुलांची हजेरी २१ टक्के-बिंदूंनी वाढलेली दिसली. शाळा मोजक्या होत्या आणि पुढे या आकड्यांवर टीकाही झाली, म्हणून हा शेवटचा शब्द मानू नये. तरी दोन्हीकडची दिशा एकच आहे. शाळेपासून तुटत चाललेलं मूल शाळेत यायला लागतं.

तोच न्यायाधीश, दोन निकाल

शिक्षक आणि विद्यार्थी २०१० मध्येच केंद्रीय न्यायालयात गेले होते. खटला न्या. वॉलेस ताशिमा यांच्यापुढे आला. मार्च २०१३ मध्ये त्यांनी ‘एकाच वांशिक गटासाठी आखलेले वर्ग’ हे कलम तेवढं रद्द केलं आणि बाकीचा कायदा टिकवला. शब्द वाचून कायदा दोषी ठरवता येत नव्हता. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयानं प्रकरण परत पाठवलं : कायद्यामागचा हेतू भेदभावाचा होता का, याची साक्षीपुराव्यांनिशी सुनावणी घ्या.

मधल्या काळात, जून २०१४ मध्ये, एक गोष्ट बाहेर आली होती. हपेंथॉल पदावर असताना टोपणनावांनी राजकीय संकेतस्थळांवर लिहीत होते. स्पॅनिश फलक नकोत, स्पॅनिश रेडिओ-टीव्ही नकोत, अशी मतं त्यांनी तिथे मांडली होती आणि या अभ्यासक्रमाची तुलना कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेशी केली होती. पत्रकार परिषदेत त्यांना रडू कोसळलं. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले.

२०१७ च्या उन्हाळ्यात सुनावणी झाली. २२ ऑगस्टला ताशिमा यांनी निकाल दिला की हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता. संविधानाच्या पहिल्या (अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या) आणि चौदाव्या (कायद्यापुढच्या समानतेच्या) दुरुस्तीचा त्यात भंग झाला. कारणांमध्ये इतर विभागांना वगळून फक्त याच विभागाला लक्ष्य केल्याची, सरकारनंच मागवलेला अहवाल बाजूला सारल्याची आणि त्या टोपणनावी लिखाणाची नोंद आहे. डिसेंबरमध्ये कायद्याच्या अंमलबजावणीवर कायमची मनाई आली.

ताशिमा यांच्याविषयी एक गोष्ट. ते जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा लहानग्या ताशिमांचं कुटुंब पोस्टन छावणीत होतं. पोस्टन ॲरिझोनातच आहे. निकालाशी याचा संबंध जोडणं योग्य नाही, त्यांनी आधी कायदा बराचसा टिकवलाही होता. पण त्या राज्याच्या शाळेत कुणाचा इतिहास शिकवायचा याचा निवाडा त्यांनी करावा, हे मला विसरता येत नाही.

आणि वर्ग?

निकाल येईपर्यंत खटल्यातले विद्यार्थी शाळा सोडून गेले होते. विभागाच्या संचालकांची नोकरी २०१२ मध्येच गेली होती, शिक्षक विखुरले होते. जुना विभाग जसाच्या तसा परत उभा राहिला नाही.

वाट दुसरीकडूनच निघाली होती. १९७८ पासून डिस्ट्रिक्टवर असलेल्या न्यायालयीन देखरेखीतून २०१३ मध्ये नवी योजना मंजूर झाली आणि तिच्यात मेक्सिकन-अमेरिकन तसंच आफ्रिकन-अमेरिकन दृष्टीनं शिकवणारे वर्ग हायस्कुलांत चालवणं बंधनकारक झालं. राज्यानं त्यालाही विरोध केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळानं ती सात पुस्तकं पूरक वाचन म्हणून परत वापरायला मान्यता दिली. जानेवारी २०१५ मध्ये हपेंथॉल यांनी पद सोडता सोडता पुन्हा नोटीस काढली. आता आक्षेपात आफ्रिकन-अमेरिकन दृष्टीच्या इंग्रजी वर्गातला हिप-हॉपवरचा लेखही होता.

टूसॉनमध्ये जे दडपलं ते बाहेर पसरलं. बंदीच्या बातम्यांनी कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधले शिक्षक जागे झाले. २०१९ मध्ये कनेक्टिकटनं कायदा करून राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलला कृष्णवर्णीय आणि लॅटिनो अभ्यासाचा वर्ग उपलब्ध करून देणं बंधनकारक केलं. असं करणारं ते पहिलं राज्य. तिथे प्रत्येक शाळेनं विषय ठेवायचाच आहे, पण मुलांसाठी तो ऐच्छिक आहे. याच एका शब्दाविरुद्ध टूसॉनच्या नऊ मुलांनी स्वतःला खुर्च्यांना बांधून घेतलं होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी राज्याच्या शिक्षण अधीक्षकपदी टॉम हॉर्न यांना पुन्हा निवडून दिलं.